यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको’ ह्या पाठाच्या तयारीला कितपत उपयोगी?

लाइफ.चर्च ह्या अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या मंडळीने २००८ मध्ये आणलेले हे अ‍ॅप मोफत आहे, जाहिराती नाहीत. मराठीत एकाहून अधिक आवृत्त्या आहेत. प्रकाशकाने परवानगी दिलेली आवृत्ती उतरवून ठेवता येते, मग नेटवर्क नसले तरी अडत नाही. ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको’ हे होशेय ६:६ मधले वाक्य येशू मत्तय ९:१३ मध्ये उद्धृत करतो. त्यावर पाठ घ्यायचा असेल, तर मात्र अ‍ॅपचे बरेवाईट दोन्ही गुण लगेच उघडे पडतात.

सुरुवात शोधापासून. नुसते ‘दया’ टाकले की स्तोत्रसंहितेचा पूर येतो. ‘दया’ आणि ‘यज्ञ’ एकत्र टाका, यादी आटोक्यात येते. तरी तेवढ्यावर विसंबू नका. यशया ५८:६-७ मध्ये विषय उपासाचा आहे, आमोस ५:२१-२४ मध्ये न्यायाचा, मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायचा. शब्द जुळत नसल्याने हे उतारे शोधाच्या जाळ्यातून निसटतात. ते हातानेच गोळा करावे लागतात. उलट १ शमुवेल १५:२२ यज्ञाच्या शोधात सापडते आणि हमखास ह्याच यादीत ढकलले जाते. पण तिथे शौल राजाने देवाने नष्ट करायला सांगितलेली शत्रूची, अमालेक्यांची, गुरे यज्ञाच्या नावाखाली राखली, म्हणून मुद्दा आज्ञापालनाचा आहे. त्याला वेगळे लेबल द्या. ओवीवर (म्हणजे वचनावर) बोट टेकवून बुकमार्क करताना लेबल लिहिता येते, आणि ही सोय खरोखर चांगली आहे.

खरी कसोटी मत्तय १२:१-८. येशूचे शिष्य कणसे मोडतात तेव्हा परूश्यांची (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाची) तक्रार चोरीची नाही. अनुवाद २३:२५ प्रमाणे शेजाऱ्याच्या शेतातली कणसे हाताने मोडायला मुभा होती, विळा चालवायला नव्हती. तक्रार शब्बाथाची, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवसाची. येशू उत्तरात दाविदाने खाल्लेल्या पवित्र भाकरी काढतो (१ शमुवेल २१:१-६), ज्या लेवीय २४:५-९ नुसार फक्त याजकांच्या, म्हणजे पुरोहितांच्या. मग शब्बाथाच्या दिवशीही मंदिरात काम करणारे याजक (गणना २८:९-१०), आणि त्यानंतर होशेय ६:६. म्हणजे हा युक्तिवाद परूशी मानत त्या शास्त्राच्या आतूनच उभा राहतो. तो वर्गापुढे मांडायला पाच ठिकाणी उड्या माराव्या लागतात, आणि अ‍ॅपमध्ये दरवेळी पुस्तक, मग अध्याय निवडत बसावे लागते. समासात संदर्भ छापलेले बायबल इथे सरळ जिंकते. ओळीगणिक भाष्यही इथे मिळत नाही, ते दुसरीकडे शोधा.

ओवीचे चित्र करून पाठवायची सोय लोकप्रिय आहे, पण ह्या पाठाला घातकच. ९:१३ एकटी पाठवली की मत्तयाच्या घरची पंगत, जकातदार आणि ९:११ मधला ‘तुमचा गुरू जकातदार व पापी लोकांबरोबर का जेवतो?’ हा प्रश्न गळून जातो. उरते ते ‘चर्चला कशाला जायचे’ असे सोयीचे घोषवाक्य. निदान ९:१० ते १३ निवडून मजकूर म्हणून पाठवा. सोबत मत्तय २३:२३ जोडाच: पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना येशू दया आणि न्यायाबद्दल झापतो, पण दशांश सोडा असे म्हणत नाही.

आणखी एक खोड. सलग किती दिवस अ‍ॅप उघडले ते मोजून दाखवतात, बॅजही देतात. होशेयच्या अभ्यासाला हजेरीपट! काहींना त्याने शिस्त लागते, ठीक आहे. पण गटाला हे अ‍ॅप सुचवताना रोजच्या आठवणी सेटिंगमधून बंद कशा करायच्या तेही दाखवा.

एकट्याने वाचणाऱ्याला, खुणा आणि टिपा ठेवायला, पाचपैकी चार. खुणा ठेवायला, आणि त्या दुसऱ्या फोनवरही दिसायला, खाते उघडावे लागते. गटासमोर मत्तय १२ घ्यायचा असेल तर तीन, आणि छापील प्रत सोबत असू द्या.