बेअरिंग की फ्रिक्शन ग्रिप? पोलादी जोडाचा बोल्ट निवडताना

ड्रॉइंगवर ‘८.८ ग्रेड, एम२०’ (म्हणजे बोल्टची ताकद आणि २० मिमी व्यास) एवढंच लिहून निर्णय पूर्ण होत नाही. तोच बोल्ट दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी भार नेऊ शकतो. बेअरिंग जोडात प्लेटा किंचित सरकतात, बोल्टचा दांडा भोकाच्या कडेला टेकतो आणि पुढचा भार कातर (दांडा आडवा कापू पाहणारं बल) व दाबावर पेलला जातो. फ्रिक्शन ग्रिप जोडात नट इतका कसलेला असतो की प्लेटा एकमेकींवर दाबून बसतात आणि घर्षणच त्यांना सरकू देत नाही. दांड्याला भोकाच्या कडेपर्यंत पोचण्याची वेळ येत नाही.

फ्रिक्शनचा जोड ‘जास्त मजबूत’, असं साइटवर सर्रास ऐकू येतं. आकडे बघू. एम२० चं ताणक्षेत्र २४५ चौ. मिमी आणि ८.८ ग्रेडची ताकद ८०० एमपीए धरली, तर पोलादी बांधकामाची भारतीय संहिता आयएस ८००:२००७ नुसार, आटे कातर-प्रतलात (प्लेटा जिथे एकमेकींवरून सरकू पाहतात तिथे) असताना एका बोल्टची डिझाइन कातरक्षमता साधारण ९० किलोन्यूटन येते. हाच बोल्ट ०.७ पट ताकदीपर्यंत कसला की पूर्वताण (कसल्याने बोल्टमध्ये आलेली ओढ) होतो १३७ किलोन्यूटन. ब्लास्ट केलेल्या (दाणे मारून साफ केलेल्या) पृष्ठभागाचा घर्षणांक ०.५० घेतला, तर एका घर्षण-प्रतलाचा अंतिम भाराला (सुरक्षेसाठी वापरातल्या भारापेक्षा वाढवून धरलेल्या) स्लिप-प्रतिकार भरतो जेमतेम ५५. म्हणजे ३०० किलोन्यूटन अंतिम भाराच्या जोडाला बेअरिंगमध्ये ४ बोल्ट पुरतात (प्लेट पुरेशी जाड आहे असं धरून), फ्रिक्शनमध्ये ६ लागतात. ताकदीसाठी म्हणून फ्रिक्शन निवडणं हा उलटा व्यवहार आहे.

मग घ्यायचा कधी? भाराची दिशा सतत उलटत असेल, फटिगचा (वारंवारच्या भाराने तडा जाण्याचा) प्रश्न असेल, किंवा त्याच जोडात वेल्ड आणि बोल्ट मिळून भार वाटून घेणार असतील, तर. भोकं मोठी ठेवली असतील किंवा भाराच्या दिशेनेच लांब स्लॉट असतील, तेव्हाही. आणि जिथे एखादा मिलिमीटर सरकल्याने फरक पडतो तिथे. एम२० चं नेहमीचं भोक २२ मिमीचं, म्हणजे हालचालीला फारच थोडी जागा. साध्या बीमच्या टोकाला ती खपून जाते. क्रेन गर्डरच्या जोडाला नाही. बेअरिंग जोड पहिल्यांदा सरकताना कधी कधी बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो. राहणारे घाबरतात, पण एरवी नीट बांधलेल्या जोडात त्याने ताकदीला धक्का लागत नाही.

या दोन्हींच्या मधला एक पर्याय आहे आणि बहुतेक जण त्याचा विचारच करत नाहीत: वापरातल्या भाराला स्लिप होऊ द्यायची नाही, अंतिम भाराला मात्र जोड बेअरिंगवर गेला तरी चालेल. आयएस ८०० मध्ये अशा वेळी स्लिपसाठी सुरक्षागुणक १.२५ ऐवजी १.१० येतो. वरच्या उदाहरणात अंतिम भार ३०० असताना वापरातला भार २०० धरला, एका बोल्टचा प्रतिकार ६२; पुन्हा ४ च बोल्ट पुरतात. बेअरिंगची तपासणी अर्थात वेगळी करावीच लागते. मोठी भोकं किंवा भाराच्या दिशेचे स्लॉट असतील तर मात्र हा मार्ग नको. तिथे अंतिम भारालाच स्लिप रोखा. माझं मत विचाराल तर नेहमीच्या भोकांच्या बहुतेक जोडांना, स्लिपची काळजी असलीच तर, हाच मधला मार्ग पुरतो.

खरी मेख बोल्टमध्ये नसते, दोन प्लेटांच्या मधल्या, नंतर कुणालाच न दिसणाऱ्या पृष्ठभागात असते. आयएस ८०० च्या घर्षणांकाच्या तक्त्यात ब्लास्ट केलेल्या, सुटा गंज काढलेल्या पृष्ठभागाला ०.५०, इथाइल झिंक सिलिकेटच्या (जस्तयुक्त रंगाच्या) थराला ०.३०, काहीच प्रक्रिया न केलेल्याला ०.२०, आणि ब्लास्ट करून हॉट-डिप गॅल्वनाइझ केलेल्याला (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्याला) फक्त ०.१० आहे. तोच ३०० चा जोड, अंतिम भाराला: ६, १०, १४ आणि २८ बोल्ट! अमेरिकी संहिता एआयएससी ३६० च्या २०१६ च्या आवृत्तीत गॅल्वनाइझ्ड पृष्ठभागाला ०.३० मिळतो, म्हणून आकडा कुठल्या संहितेचा ते आधी ठरवा आणि एकीचं सूत्र दुसरीच्या घर्षणांकाला जोडू नका. गॅल्वनाइझ्ड जाळीचे मनोरे सहसा बेअरिंग बोल्टांवरच उभे असतात यात नवल नाही.

यात घात होतो तो रंगाने. डिझाइनरने ०.५० धरलेलं असतं आणि फॅब्रिकेटर सगळ्या मेंबरवर प्रायमर मारून मोकळा होतो, जोडाच्या जागेवरसुद्धा. रेड लेडच्या (शिशाच्या लाल प्रायमरच्या) पृष्ठभागाला संहिता ०.१० देते, म्हणजे हिशोबाचा पाचवा भाग. मास्किंग (रंग लागू नये म्हणून झाकणं) कुठे हवं ते ड्रॉइंगवर रेखून दाखवलं नसेल तर साइटवर ते कुणी करत नाही.

कसण्याचंही तेच. एम२० ला १३७ किलोन्यूटन ताण आणायला साधारण ५५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पण हा अंदाज आटे किती कोरडे, किती तेलकट यावर सहज तिसऱ्या हिश्शाने हलतो. टॉर्क रेंचचा आकडा जुळला म्हणजे ताण आलाच, असं नाही. आधी सगळे बोल्ट स्नग-टाइट (प्लेटा नीट टेकेपर्यंत) करून मग नट ठरलेला कोन फिरवणं किंवा ताण दाखवणारे वॉशर वापरणं जास्त भरवशाचं. बेअरिंग जोडाला हा खटाटोप लागतच नाही. प्लेटा नीट टेकेपर्यंत कसलं की झालं, आणि तपासणीही नजरेने उरकते.

आणखी एक: जोडावर कातरासोबत बाहेरून ओढही येणार असेल तर प्लेटांवरचा दाब कमी होतो आणि त्याबरोबर स्लिप-प्रतिकारही. ब्रॅकेटमधल्या वरच्या बोल्टांकडे त्या दृष्टीने पाहा.

फ्रिक्शन ठरवलंच, तर टीपेत चार गोष्टी लिहा: धरलेला घर्षणांक, पृष्ठभागाची तयारी, कसण्याची पद्धत, आणि स्लिप वापरातल्या भाराला रोखायची की अंतिम. नुसतं ‘एचएसएफजी (हाय स्ट्रेंथ फ्रिक्शन ग्रिप) बोल्ट’ लिहिलं तर साइटवर बोल्ट तेवढे बरोबर येतील.