आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) शिकायला नॅनोव्हीएनए (अँटेना, केबल मोजायचं छोटं यंत्र) घेतला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ऐरोलीत राहतो, काम एम्बेडेडचं, म्हणजे उपकरणांच्या आतल्या बोर्डांचं आणि त्यांच्या सॉफ्टवेअरचं. ऑफिसात बोर्डावर अँटेना आली तेव्हा कळलं की कॉलेजात मायक्रोवेव्हचा पेपर पास झालो होतो पण डोक्यात काहीच उरलं नाहीये. मग पोझारचं ‘मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंग’ हे पुस्तक घेतलं आणि एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चर्सच्या साइटवरची आयआयटी बॉम्बेच्या गिरीश कुमार सरांची अँटेनाची लेक्चर्स ठाणे-वाशी लोकलमध्ये बघायला लागलो. लेक्चर्स फुकट आहेत आणि खरंच मन लावून शिकवलंय. पुस्तकही उत्तम, पण दुसऱ्या चॅप्टरला, ट्रान्समिशन लाइनपाशीच (सिग्नल वाहून नेणाऱ्या तारा-केबल), मी दोनदा अडकलो.

सुटलो ते नॅनोव्हीएनए आल्यावर. एक मीटर आरजी-58 (50 ओहमची कोॲक्स) केबल लावली, दुसरं टोक उघडंच ठेवलं. स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, दाखवणारा गोल आलेख) ठिपका उजवीकडून, म्हणजे ओपनपासून निघाला आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तसा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत 49 मेगाहर्ट्झच्या आसपास थेट डावीकडे शॉर्टवर! केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या 66 टक्के वेगाने जातो, त्यामुळे तिथे एक मीटर म्हणजे पाव वेव्हलेंग्थ, आणि तेवढ्या लांबीवर उघडं टोक शॉर्टसारखं दिसतं. हे पुस्तकात चार वेळा वाचलं होतं, त्या रात्री दिसलं. अंगावर काटा आला अक्षरशः.

नंतर 145 मेगाहर्ट्झसाठी पाव वेव्हलेंग्थचा अँटेना केला, तार मुद्दाम लांब ठेवून थोडी थोडी कापत गेलो. खिडकीच्या ग्रिलला बांधला की डिप (ग्राफमधला खड्डा, जिथे अँटेना सगळ्यात चांगला जुळतो) सरकायची, गच्चीत नेला की परत जागेवर. ग्रिलसुद्धा अँटेनाचा भाग होते हे तिथेच कळलं.

त्रास कॅलिब्रेशनचा, म्हणजे मोजण्याआधी यंत्र माहीत असलेल्या किमतींशी जुळवून घेण्याचा झाला. त्यासाठी सोबत आलेला 50 ओहमचा लोड (ठरलेल्या रोधाचा छोटा तुकडा) मल्टिमीटरवर 57 निघाला. त्यावर कॅलिब्रेट केलं की मशीन त्यालाच 50 धरतं आणि मित्राचा चांगला लोड 44 दाखवतं. तीन आठवडे माझी सगळी रीडिंग चुकली, विक्रेत्याने उत्तरही दिलं नाही. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरा आणला, दुकानातच मोजून. तुम्हीही आल्या आल्या लोड मोजाच.

आणखी एक, माझं मॉडेल साधं, 900 मेगाहर्ट्झपर्यंतचं, आणि 300 च्या वर ते हार्मोनिकवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या, कमजोर फ्रिक्वेन्सीवर) चालतं त्यामुळे वर जाल तसा नॉइज वाढतो. 2.4 गिगाहर्ट्झ वायफायची अँटेना मोजायची असेल तर हे घेऊ नका, 3 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारं बघा. शिकायला मात्र हेच पुरतं. आता मी आधी लेक्चर बघतो, त्याच रात्री ते मोजतो आणि मगच पुस्तकातली गणितं सोडवतो. सध्या पाचव्या चॅप्टरला, स्टब मॅचिंगवर (लाइनचा छोटा तुकडा जोडून इम्पीडन्स जुळवणं) आहे.