कामगार खात्याचं फुकट टाइमशीट ॲप: पगारी माणूस तासावर आणताना कुठे कामाचं, कुठे अपुरं

डीओएल-टाइमशीट हे अमेरिकेच्या फेडरल कामगार खात्याचं ॲप. मे २०११ मध्ये ते आयफोनसाठी आलं, आता अँड्रॉइडवरही मिळतं. फुकट आहे, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे. काम कधी सुरू झालं, कधी संपलं, मधली सुट्टी किती, याची नोंद ते ठेवतं. दोन ठिकाणी काम करणाऱ्याला दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवता येतो, नोंदीला शेरा जोडता येतो आणि तास व पगाराचा गोषवारा ईमेलने पाठवता येतो. ४० तासांवरच्या कामाला दीडपट दर लावून ते रक्कम दाखवतं. आपल्याकडच्या कारखान्यांतल्या दुप्पट ओव्हरटाइमची सवय असलेल्यांना हे दीडपट आधी खटकतं, पण फेडरल नियम तोच आहे.

किराणा दुकान, मोटेल, दवाखाना किंवा उपाहारगृह चालवताना एखाद्या पगारी माणसाला ताशी दरावर आणायचं ठरलं, तर सुरुवात या ॲपने करावी. फक्त एक लक्षात ठेवा. ॲप तास मोजतं, दर ठरवत नाही. या बदलात माणसाचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा दर ठरवताना.

ॲपचा खरा उपयोग बदलाच्या आधी आहे. माणूस अजून पगारावर असतानाच चार आठवडे त्याचे तास नोंदवून घ्या आणि त्यात एक तरी गर्दीचा आठवडा येऊ द्या. भारतीय किराणा दुकानात तो दिवाळीआधीचा असतो. मालकाचा अंदाज 'असेल बेचाळीसेक तास' असा असतो, आणि नोंदी केल्या की आकडा फुगतो, कारण शटर उघडण्याआधीची कामं कुणी धरलेलीच नसतात. एका दिवसाची नोंद अशी दिसली पाहिजे: ८:४० ला अलार्म बंद, दुधाची गाडी उतरवून घेतली, ९ ला दुकान उघडलं, १:१० ते १:४० जेवण, ६:१५ ला गल्ला मोजला, ६:३५ ला बँकेत भरणा, ९:५० ते १०:०५ उद्याच्या पाळीबद्दल मालकाशी व्हॉट्सॲपवर बोलणं. शेवटची पंधरा मिनिटंही कामाचीच आहेत. ५ ते २० मिनिटांची चहाची सुट्टी कामाच्या वेळेत धरायची असते. जेवणाची अर्धा तास सुट्टी वगळता येते, पण तेव्हा माणूस पूर्ण मोकळा हवा. घास घेता घेता गिऱ्हाईक पाहिलं, तर ती सुट्टी राहत नाही. अशा वेळी शेऱ्याची जागा फार मोलाची ठरते. 'जेवताना काउंटरवर होतो' एवढी एक ओळ तिथे लिहून ठेवावी. काय धरायचं आणि काय नाही हे खात्याच्या फॅक्ट शीट २२ मध्ये सोप्या भाषेत आहे, ते ॲपसोबत वाचायलाच हवं.

मुळात कोणाला तासावर आणावं लागतं, हे ॲप सांगत नाही. त्यासाठी फॅक्ट शीट १७ए बघा. ओव्हरटाइमपासून सूट, म्हणजे 'एक्झेम्प्ट' दर्जा, हवा असेल तर तीन गोष्टी एकत्र लागतात: ठरलेला पगार, तो किमान मर्यादेएवढा, आणि कामाचं स्वरूप. मर्यादेने लोकांना बराच गोंधळात पाडलं. २०१६ मध्ये ती आठवड्याला ४५५ वरून ९१३ डॉलर व्हायची होती. १ डिसेंबरला नियम लागू होण्याच्या काही दिवस आधी टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो अडवला. १ जानेवारी २०२० पासून ६८४ डॉलर झाली. जुलै २०२४ मध्ये ८४४ वर गेली, पुढे ११२८ व्हायची होती, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासमध्येच तो नियमही रद्द ठरला. आता पुन्हा ६८४, म्हणजे वर्षाला ३५,५६८ डॉलर. कॅलिफोर्नियात मात्र २०२६ ची मर्यादा ७०,३०४ डॉलर आहे. राज्याची मर्यादा वरची असेल तर तीच पाळायची.

तरी छोट्या धंद्यात अडतं ते बहुधा कामाच्या स्वरूपापाशी. दारावरच्या पाटीवर 'मॅनेजर' लिहिल्याने काही होत नाही. व्यवस्थापन हे त्याचं मुख्य काम हवं, हाताखाली किमान दोन पूर्णवेळ माणसांएवढा ताफा हवा, आणि कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं यात त्याच्या शब्दाला वजन हवं. दिवसभर बिलिंग आणि फळ्या भरणं हेच मुख्य काम असणारा असिस्टंट मॅनेजर पगाराचा आकडा कितीही असला तरी ओव्हरटाइमचा हक्कदार आहे. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा: ओव्हरटाइम देण्यासाठी माणसाला तासावर आणावंच लागतं असं नाही. ठरलेला पगार चालू ठेवून, तास नोंदवून, ४० वरचे पैसे वेगळे देता येतात. आपण तासावर उतरलो म्हणजे आपली पायरी खाली आली, असं ज्याला वाटेल त्याच्यासाठी हा मार्ग जास्त माणुसकीचा आहे.

आता दर. वर्षाला ४१,६०० डॉलर, म्हणजे आठवड्याला ८०० डॉलर घेणारा माणूस धरा, आणि नोंदीत त्याचे आठवड्याला ४५ तास निघाले असं समजा. सरळ हिशेबात वर्षाचा पगार भागिले २,०८० तास, दर येतो २० डॉलर. मग ४० तासांचे ८०० आणि ५ तासांचे ३० प्रमाणे १५०, एकूण ९५०. मालकाचा खर्च दीडशेने वाढतो. तो टाळायला काही पेरोल सल्लागार उलटा हिशेब सुचवतात: ८०० भागिले ४७.५ (४० अधिक ५ गुणिले दीड), दर १६.८४. कागदावर ४५ तासांना जवळजवळ तेच ८०० येतात. पण ज्या आठवड्यात ४० तासच काम मिळालं, त्या आठवड्यात हातात ६७३.६० पडतात. वर्षानुवर्षं ८०० वर घर चालवणाऱ्याला ही सरळ पगारकपात आहे, आणि तसंच ते त्याला सांगायला हवं. शिवाय १६.८४ हा दर २०२६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या १६.९० आणि न्यूयॉर्क शहराच्या १७ डॉलर किमान वेतनाखाली जातो, म्हणजे तिथे तो बेकायदा. न्यू जर्सीत बसतो, पण कायद्यात बसणं आणि योग्य असणं या दोन गोष्टी आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: दर २० च ठेवा आणि पाळ्या नीट लावून तास ४२ वर आणा. ८६० डॉलरमध्ये आठवडा निघतो आणि माणूस तीन तास लवकर घरी जातो.

तिसरी एक पद्धत ऐकू येते, ठरलेल्या पगारावर अर्ध्या दराने ओव्हरटाइम देण्याची. ८०० भागिले ४५ म्हणजे १७.७८, त्याचा निम्मा ८.८९, गुणिले ५ म्हणजे ४४.४४, ८०० धरून एकूण ८४४.४४. यात तास कमी भरले तरी पूर्ण पगार द्यावाच लागतो, आणि दोघांमध्ये आधी स्पष्ट समजूत झालेली लागते. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात ती चालत नाही. पाच-दहा माणसांच्या दुकानाने या वाटेला जाऊ नये, कारण एखाद्या आठवड्यात पगार कापला की सगळा डोलारा कोसळतो.

ॲप कमी पडतं ते इथून पुढे. पहिली उणीव राज्यांच्या नियमांची. कॅलिफोर्नियात रोज १० तास, चार दिवस काम केलं, तर ४० च्या फेडरल हिशेबात ओव्हरटाइम शून्य. तिथे मात्र दिवसाच्या ८ तासांपुढे दीडपट लागतो आणि १२ पुढे दुप्पट, म्हणजे रीतसर पर्यायी वेळापत्रक मंजूर नसेल तर ८ तास ओव्हरटाइम निघतो. त्या राज्यात ॲपच्या रकमेवर विसंबू नका, फक्त त्यातल्या वेळा वापरा.

दुसरी उणीव बोनसची. पहिल्या आवृत्तीत टिप, कमिशन, बोनस यांचा हिशेब नव्हता, हे खात्याने तेव्हाच सांगितलं होतं. आजही हे गणित हाताने करून पडताळावं. 'महिनाभर वेळेवर आलात तर' अशा आधी कबूल केलेल्या बोनसने ओव्हरटाइमचा मूळ दरच वाढतो. २० डॉलर दर, ४५ तास आणि त्या आठवड्याचा ९० डॉलर बोनस घ्या: ९०० अधिक ९०, भागिले ४५, दर झाला २२. त्याचा निम्मा ११, गुणिले ५ म्हणजे ५५. आधीचे ९९० धरून एकूण १,०४५. नुसते ९५० अधिक ९० केले तर १,०४० येतात. पाच डॉलरची ही चूक दर आठवड्याला आणि प्रत्येक माणसामागे होत राहते, आणि तपासणीत अशाच चुका निघतात.

आठवडा कोणत्या वारी सुरू होतो हे एकदाच ठरवा आणि लेखी ठेवा. तो सलग १६८ तासांचा असतो. दोन आठवड्यांची सरासरी काढता येत नाही. एका आठवड्यात ५० आणि पुढच्यात ३० तास झाले, तर बेरीज ८० असली तरी १० तासांचा ओव्हरटाइम द्यायचा. 'आज थांब, पुढच्या आठवड्यात सुट्टी घे' ही तडजोड खासगी धंद्यात चालत नाही. न विचारता थांबलेल्याला समज देता येते, पण केलेल्या कामाचे पैसे कापता येत नाहीत.

सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो पहिल्या चेकला, आणि त्याबद्दल ॲपमध्ये काही नाही. पगारी माणसाला शुक्रवारी त्या शुक्रवारपर्यंतचे पैसे मिळतात. ताशी माणसाची टाइमकार्डं आधी बंद करून तपासावी लागतात, त्यामुळे त्याचा चेक साधारण आठवडाभर मागे चालतो. बदलाच्या वेळी हा आठवडा मधेच गळतो आणि घरभाड्याच्या तारखेला निम्मा चेक येतो. उपाय सोपा आहे: बदल पेरोलच्या नव्या कालावधीच्या पहिल्या दिवशी करा, महिनाभर आधी लेखी कळवा आणि त्या खंडासाठी उचल द्या. ती किती हप्त्यांत फेडायची ते दोघांच्या सहीने ठरवा, आणि कपातीबद्दल राज्याचा नियम काय म्हणतो तेही बघून घ्या. नवा दर लेखी कळवण्याचं बंधन राज्यागणिक वेगळं आहे. न्यू जर्सीत दर बदलण्याआधी कळवावं लागतं. पत्रात दर, ओव्हरटाइमचा दर, आठवड्याचा पहिला वार, रजा आणि सणाच्या सुट्टीचे पैसे यांचं काय होणार, हे सगळं असावं. ताशी माणसाला सणाच्या सुट्टीचे पैसे देण्याची सक्ती फेडरल कायद्यात नाही, म्हणून ही ओळ पत्रात नसेल तर कामगाराने ती मागून घ्यावी.

मागची थकबाकी बदलाने मिटत नाही. आजपासून तासावर घेतलं म्हणजे कालपर्यंतची चूक आपोआप कबूल होते असं नाही, पण ती पुसलीही जात नाही. वरच्या उदाहरणात पगार ४० तासांचा धरला तर वर्षाला ७,८०० डॉलर देणं निघतं. दावा दोन वर्षं मागे जाऊ शकतो, जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनात तीन, आणि रक्कम दुप्पट होऊ शकते. यासाठी खात्याची 'पेड' नावाची योजना आहे. ती २०१८ मध्ये आली, २०२१ मध्ये बंद झाली आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मालकाने स्वतः तपासणी करून चूक दाखवली, तर खात्याच्या देखरेखीखाली पूर्ण थकबाकी देऊन दुप्पट रक्कम टाळता येते. राज्याच्या कायद्याखालचे दावे मात्र त्यातून सुटत नाहीत, म्हणून आधी वकिलाला विचारा.

आयटीतल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. प्रोग्रामिंग किंवा सिस्टिम ॲनालिसिस करणाऱ्याला ताशी २७.६३ डॉलर किंवा जास्त मिळत असतील, तर तासावर असूनही फेडरल कायद्याने त्याला ओव्हरटाइम नाकारता येतो. हेल्प डेस्कवरच्याला ती सूट लागू नाही. एच-१बी वरच्या माणसाला तासावर आणलं तरी मंजूर अर्जातला पगार द्यावाच लागतो; प्रोजेक्ट नाही म्हणून तास कापता येत नाहीत.

२०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ओव्हरटाइमवर आयकरात वजावट आहे, एकट्याला १२,५०० डॉलरपर्यंत. पण ती दीडपटीतल्या वरच्या अर्ध्या पटीवरच मिळते. आपल्या उदाहरणातल्या १५० पैकी ५० वर. आणि फेडरल कायद्याने द्यावा लागणारा ओव्हरटाइमच त्यात धरतात, कॅलिफोर्नियाचा दिवसाचा ओव्हरटाइम नाही. म्हणून पे-स्लिपवर हा भाग वेगळा दिसायला हवा. ॲपच्या गोषवाऱ्यावरून तो हाताने काढता येतो.

तासांच्या नोंदीसाठी ॲपला पाचपैकी साडेचार, पैशाच्या हिशेबासाठी अडीच. मालकाने कायद्याने ठेवायच्या नोंदींची जागा ते घेऊ शकत नाही: पेरोल तीन वर्षं, टाइमकार्डं दोन वर्षं. कामगाराच्या बाजूने त्याची किंमत वेगळी आहे. वाद झाला आणि मालकाकडे टाइमकार्डं नसली, तर रोजच्या रोज लिहिलेली स्वतःची नोंद पुढे ठेवता येते. नोंदी फोनमध्ये पडून राहू देऊ नका, कारण फोन हरवला की त्याही जातात. दर आठवडा संपला की गोषवारा स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा, कंपनीच्या नको. शंका आली तर खात्याच्या वेज अँड आवर विभागाला फोन करा. तक्रार गोपनीय राहते आणि २०० हून अधिक भाषांत बोलण्याची सोय असल्याचं विभाग सांगतो, तेव्हा इंग्रजी अडत असेल तर पहिल्याच वाक्यात दुभाषी मागा.