कोलंबोची बाटिक साडी : आठ महिने नेसल्यावर

परवा इस्त्रीखाली घालायची चादर फेकून दिली. आठ महिन्यांत तिने इतकं मेण प्यायलं होतं की भज्यांच्या कागदासारखी आरपार दिसायला लागली होती. चादर जुनीच होती, तिचं दुःख नाही. पण जिच्यामुळे ती गेली ती साडी साडेअठरा हजारांची आहे. श्रीलंकन रुपये, घाबरू नका. आपले पाच हजारांच्या थोडे वर. तरी सुती साडीला पाच हजार मोजले हे आईला अजून सांगितलेलं नाही.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही सध्या कोलंबोत आहोत. बाटिक म्हणजे मेणाने नक्षी राखून रंगवलेलं कापड, यापेक्षा जास्त इथे सांगत बसत नाही, प्रदर्शनात उज्जैनजवळच्या भैरवगढचं बाटिक बहुतेकींनी घेतलेलं असतं. मीही घेतलंय, याच्या पाव किमतीत. म्हणूनच दुकानात पहिल्यांदा किमतीचा कागद पाहिला तेव्हा मी साडी हळूच परत घडीवर ठेवली होती. दुकान म्हणजे कोलंबो ७ मधला एका डिझायनर बाईंचा स्टुडिओ. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्याशी भांडण आहे.

तिथल्या वयस्कर विक्रेत्या बाई पाठीमागून प्रेमाने म्हणाल्या, “नंगी, नेसून तर बघा.” मी दचकून पदर सावरला. सिंहलीत नंगी म्हणजे धाकटी बहीण. थोरली मात्र आपल्यासारखीच अक्का. नव्याने येणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

नेसून बघितली आणि फसले. गडद निळ्यावर गंजाचा तांबूस आणि मोहरीचा पिवळा, अंगभर वरून पाहिलेल्या कमळांची मोठी वर्तुळं, मध्येमध्ये निळ्याच्या केसाएवढ्या बारीक भेगा. हत्ती नाहीत, मोर नाहीत, कँडीचे नर्तक नाहीत. पर्यटकांच्या दुकानांत टांगलेलं बाटिक याच तिघांवर चालतं. इथले चांगले डिझायनर गेली कित्येक वर्षं त्यांच्यापासून लांब पळतायत, पण देवळातली भित्तिचित्रं, जुने ध्वज, कमळ, पानं हे सोडत नाहीत. ते मोठं करतात, तोडतात, अंगभर पसरवतात. लांबूनही ही साडी इथलीच हे कळतं.

मार्चमध्ये घेतली. तीन आठवड्यांत अवुरुदू आलं, म्हणजे एप्रिलच्या मध्यातलं त्यांचं नवं वर्ष, आणि त्याच स्टुडिओत सगळ्यावर वीस टक्के सूट. तीन हजार सातशे रुपये. हा हिशोब मी अजून विसरलेले नाही.

पहिले दोन महिने तक्रार नव्हती. कोलंबोच्या दमट हवेत सिंथेटिक अंगाला चिकटतं, हिने घाम टिपला. पण पहिल्या धुण्यानंतर इस्त्री फिरवली आणि खोलीभर देवळात समया विझवल्यावर येतो तसा वास. नवरा आत येऊन म्हणाला, “आज काही आहे का?” साडीवर जिथे इस्त्री टेकली तिथे चकचकीत ओले डाग. युट्यूबवर उपाय मिळाला, वर-खाली वर्तमानपत्र घालून गरम इस्त्री फिरवा. मेण निघालं खरं, पण कागदाची शाई पिवळ्या कमळावर उतरली. तो राखाडी फराटा अजून आहे. वर्तमानपत्र अजिबात वापरू नका. कोरा ब्राऊन पेपर घ्या, किंवा माझ्यासारखी चादर बळी द्या.

साडी पिशवीत घालून भांडायला गेले तर दाराला कुलूप. पोया होता. इथे दर पौर्णिमेला सुट्टी असते, हे सहा महिने राहूनही माझ्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षाचं भाडं. माझे मुद्दे दोन होते : मेण राहिलंच कसं, आणि पदरावर एक लांब आडवी भेग आहे, वीतभर, विजेसारखी, ती दोष म्हणून बदलून द्या.

डिझायनर बाई स्वतः बाहेर आल्या. आवाज न चढवता त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. एक मुलगी पेन्सिलीच्या रेघेवरून ब्रशने वितळलेलं मेण ओढत होती. जिथे मेण तिथे रंग चढत नाही. आधी फिका रंग, मग राखायचं तेवढं मेणाने झाकून त्याहून गडद, असं करत शेवटी निळा. रंगाच्या पाण्यात कापड बुडवताना मेण तडकतं आणि फटीतून रंग आत जातो, त्या माझ्या केसाएवढ्या भेगा. पॅराफिन जास्त असेल तर जास्त तडकतं, मधमाश्यांचं मेण लवचीक असतं. सगळं झालं की कापड उकळत्या पाण्यात घालून मेण काढायचं. माझी साडी अवुरुदूच्या गर्दीत घाईने उकळली गेली होती, हे त्यांनी कबूल केलं. भेगेबद्दल मात्र एक शब्द मागे घेतला नाही. भेग म्हणजे हाताची खूण, ती बदलून मिळणार नाही.

पटलं? तेव्हा नाही. परत उकळून देतो म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात. त्यांचा पुढचा आठवडा पाच आठवड्यांनी उगवला. निळा किंचित उतरला होता, वास निम्मा झाला होता. धुण्या-इस्त्रीच्या सूचनांचा एक चिटोराही साडीबरोबर दिलेला नव्हता, याला मात्र माफी नाही. भैरवगढवाला निदान तोंडी सांगतो, “पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात.”

इथपर्यंत लिहिलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते. मधे बेंटोटाला जाणं झालं. तिथलं बीच हॉटेल वास्तुविशारद जेफ्री बावांनी साठच्या दशकाच्या शेवटी बांधलं आणि त्याचं बाटिकचं छत एना डिसिल्व्हांचं. सामान हातात तसंच धरून मी मान वर करून उभी राहिले, मागच्या माणसाने खाकरेपर्यंत. श्रीलंकेतल्या आजच्या बाटिकची गोष्ट बरीचशी या बाईंपासून सुरू होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मुलगा अनिल आणि चित्रकार लकी सेनानायके यांना बरोबर घेऊन काम मांडलं. लकींनी पुढे श्रीलंकेच्या नोटांवरचे पशुपक्षीही काढले. एनाबाईंनी नंतर मातलेजवळच्या अलुविहारे या आपल्या गावी बायकांना काम दिलं आणि २०१५ मध्ये गेल्या. बावांनी कोलंबोत बांधलेलं त्यांचं घर तर उतरवून बावांच्याच लुनुगंगाच्या इस्टेटीत पुन्हा उभं केलंय. आपल्याकडे वाडे पडतात तेव्हा निदान दरवाजे तरी कुणी जपावेत असं मनात आलं, असो.

त्या छतावरही भेगा होत्या. माझ्या पदरावर आहेत तशाच. तिथे मला त्या दोष वाटल्या नाहीत, आणि याचा मला जरा रागच आला.

मग साडी उलटी करून बघितली. खरं हाताचं बाटिक दोन्ही बाजूंनी सारखं असतं, कारण कापड रंगात बुडवलेलं असतं. छापलेली नक्कल मागून फिकट. माझी मागून-पुढून एकच. आणि इथे माझ्यातली कोकणस्थ जागी झाली. सुलट-उलट नाही म्हणजे खालचा काठ घासला की साडी आडवी पलटायची, वरचा काठ खाली आणि आतली बाजू बाहेर. पदर आहे तिथेच राहतो. कमळं वरून पाहिलेली, त्यामुळे डोकं खाली होण्याचा प्रश्नच नाही. मोर असते तर शीर्षासन करत बसले असते. म्हणजे एका साडीच्या पैशात दोन साड्यांचं आयुष्य. साडेअठरा भागिले दोन. आता आईला सांगता येईल.

पण मग फॉलचं काय? गेले तीन महिने घरात हाच विषय आहे. फॉल लावला तर आतली बाजू गेली, पलटायची सोय संपली. नाही लावला तर गॉल रोडच्या फुटपाथवर काठ घासतो, आणि मऊ सुती साडीच्या निऱ्या फॉलशिवाय पायात घोटाळतात. मैत्रीण म्हणाली, दोन्ही काठांना लाव. मग वरचा फॉल कमरेला खोचल्यावर बोचतो. शिवाय विकतचा फॉल आधी न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि काठाला चुण्या पडतात. इरकलीचं माझं तसंच झालं होतं. सध्या मोठे टाके घालून फॉल हाताने टाचलाय, पलटायची वेळ आली की उसवून दुसऱ्या काठाला लावायचा. यावर कुणाला आणखी चांगलं सुचत असेल तर जरूर सांगा.

हातमागवाल्यांनी विचारलंच तर : बेअरफूटचं कापडही वापरते, पिशवी आणि उशांचे अभ्रे. बार्बरा सान्सोनींनी १९६४ मध्ये सुरू केलेलं हे दुकान. गुलाबीशेजारी नारिंगी, त्याला खेटून शेवाळी, असे पट्टे आपण हातातल्या हातातही एकत्र धरणार नाही, पण दिसतात छान. अभ्रे वर्षभर धुतेय, रंग जागेवर आहेत. गंमत म्हणजे श्रीलंकेत कापूस फारसा पिकतच नाही. सूत आणि कापड बाहेरून येतं, बरंचसं आपल्याकडूनच. म्हणजे माझ्या साडीचं कापडही कदाचित समुद्र ओलांडून आलं, रंगून निघालं आणि पुढच्या सुट्टीत माझ्याबरोबर परत ठाण्याला जाईल.

एक तक्रार राहिलीच. नक्षी त्यांच्या नेसण्याच्या हिशोबाने मांडलेली आहे. कँडीच्या पद्धतीची साडी, ओसरिय, कमरेला झालर सोडून नेसतात, आपल्यासारखी नेसली की सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं कमळ नेमकं निऱ्यांत गडप. बसले की गुडघ्यावर थोडं दिसतं. विकत घ्याल तेव्हा दुकानातच निऱ्या घालून आरशात बघा, नुसती खांद्यावर टाकून नाही.

पाचपैकी साडेतीन. सूचनांचा चिटोरा असता तर चार. वास आता फक्त इस्त्रीच्या वेळी येतो, आणि परवा सासूबाई फोनवर असताना नवरा त्यांना म्हणाला, “हिची साडी आरती करतेय.”

डिसेंबरात ठाणे-दादरकडून कुणी कोलंबोला येणार असेल तर गडद निळा सुती फॉल आणाल का? दोन आणा. आधी भिजवून, वाळवून.