गॅस बॉयलरचं सर्व्हिसिंग: दार लावून टेस्ट घेणाऱ्यांना साडेचार स्टार

सात मजल्यांची ऑफिस बिल्डिंग, बेसमेंटला हीटिंगसाठी दोन गॅस बॉयलर, गॅस पाइपलाइनचा, आणि हे सगळं बघायचं काम माझ्या गळ्यात. आधीच सांगतो, मी इंजिनियर नाही, ॲडमिनचा माणूस आहे. तीन वर्षं जुन्या कंपनीचा माणूस यायचा, अर्धा तास खाली असायचा, वर येऊन सही घ्यायचा, कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा, तो कागद फाइलला लागला की आपलं काम झालं असंच मी धरून चाललो होतो. यंदा कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्यांना दिलं आणि पहिल्याच व्हिजिटला त्यांनी एक बॉयलर बंद करून वर लाल टॅग लावला. तेव्हा इतका वैताग आलेला की एक स्टार देणार होतो, आज साडेचार देतोय. नावं मात्र दोघांचीही टाकत नाहीये, जुन्यांशी हिशोब अजून मिटायचाय.

झालं असं. आलेल्या टेक्निशियनने चिमणीच्या पाइपात ॲनालायझरची, म्हणजे धुरातले गॅस मोजणाऱ्या यंत्राची, सळी घातली, आकडा बघितला, कार्बन मोनॉक्साइड चाळीसच्या आसपास पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत चाळीस. म्हणलं चला, झकास. तर तो मला विचारतो, "साहेब, हे बॉयलर रूमचं दार रोज असंच उघडं असतं का?" म्हणलं नाही हो, कुलूप असतं, किल्ली गार्डकडे. "मग लावूनच बघू." त्याच्या शर्टाच्या खिशाला एक छोटा मीटर होता, तो खोलीतल्या हवेसाठी, म्हणजे गॅस खोलीत आला तर आधी तो बोंबलणार. दार लावलं आणि आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटांत चिमणीतला आकडा १२०. मग ३००. मग शेजारच्या पंप रूमचा मोठा एक्झॉस्ट फॅन चालू करायला लावला आणि आकडा ७००च्या पण पुढे गेला.

इथे एक गोष्ट मला तेव्हाच कळली. चिमणीतला आकडा वेगळा आणि खोलीतला वेगळा. चिमणीत ७०० म्हणजे आपण ७०० श्वासात घेतोय असं नाही, पण बर्नर नीट जळत नाहीये हे नक्की, आणि तोच धूर उलटा फिरून खोलीत आला तर मग खेळ खलास. ते उलटं फिरतंय का हे त्याने ज्या पद्धतीने दाखवलं ते मी विसरणार नाही. धूर सोडणारी काडी पेटवली आणि बॉयलरच्या वर जिथे चिमणी सुरू होते त्या फटीपाशी धरली. फॅन बंद असताना धूर सुळकन आत गेला. फॅन चालू केला तर तोच धूर वळून आमच्या तोंडावर. खिशातला मीटर पण लगेच वाजायला लागला. पुढच्या मिनिटाला गॅस बंद, दार सताड उघडं, आम्ही दोघं बाहेर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, हे शाळेत वाचलेलं होतं पण धूर डोळ्यासमोर वळताना बघितल्यावर पोटात गोळा येतो ते वेगळं.

कारण काय निघालं तर आपलीच करणी. १ घनमीटर गॅस नीट जळायला साधारण १० घनमीटर हवा लागते, आणि ती हवा आत यायची जाळी भिंतीला होती, तिच्यापुढे जुन्या फाइलींचे खोके रचलेले, खालच्या जाळीला तर हाउसकीपिंगने धूळ येते म्हणून प्लॅस्टिक चिकटवलेलं. परवानगी कोणी दिली? मीच. म्हणजे जुन्या कंपनीवर तोंडसुख घ्यायला निघालेलो आणि पहिला आरोपी मीच निघालो. तरीही त्यांना सूट नाही, कारण तीन वर्षं ते दार उघडं ठेवूनच टेस्ट घेत होते, आणि उघड्या दारातून हवा भरपूर येते हो, कोणताही बॉयलर पास होईल.

दोन दिवस वरचे मजले गार, लोक जॅकेट घालून कामाला, बॉसचे फोनवर फोन. मी टेक्निशियनला गयावया करून विचारलं की दार उघडं ठेवून चालवू का तोवर, गार्ड बसवतो. ठाम नाही म्हणाला, आणि आवाज न चढवता. खोके हलवले, प्लॅस्टिक काढलं, पंप रूमला फॅनसाठी हवेची स्वतंत्र जाळी पाडली, म्हणजे तो बॉयलरची हवा ओढणार नाही, मग परत दार लावून, फॅन चालू ठेवून टेस्ट. चाळिशीतच राहिला आकडा. तेव्हाच टॅग निघाला.

बाकीच्या गोष्टी पटपट सांगतो. गॅस डिटेक्टर आमच्याकडे जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेला होता. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणजे डिटेक्टर छताजवळ पाहिजे. खाली लावतात ते सिलिंडरच्या गॅससाठी, तो जड असतो. कोणीतरी कुठल्यातरी दुसऱ्या साइटसारखा इथेही लावून टाकला असणार. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर भिंतीवर नव्हताच. शोधलं तर गार्डच्या ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळलेला, बॅटरी काढून. "सारखा टिक टिक करायचा साहेब, डोकं उठायचं." त्या अलार्मच्या सेन्सरचं आयुष्य संपलेलं, तो तेच सांगत होता बिचारा. मागच्या बाजूला बदलायची तारीख छापलेली असते ही सुद्धा मला नवीन माहिती. गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठाय विचारलं तर आम्ही तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली, त्यावर जास्त बोलत नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते पाण्याचं प्रकरण. आमच्या सिस्टीमचं प्रेशर दर आठवड्याला पडायचं आणि गार्ड व्हॉल्व्ह उघडून पाणी भरायचा, जुन्या कंपनीनेच शिकवलेलं त्याला. या टेक्निशियनने एका बाटलीत सिस्टीमचं पाणी काढलं, शाईसारखं काळंकुट्ट, आणि बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावलं. तो काळा गाळ हळूहळू सरकत एका बाजूला जमा झाला. गंज आहे म्हणे, पाइप आणि रेडिएटर आतून खाल्ल्याचा. दर वेळी नवीन पाणी भरलं की त्यासोबत नवीन ऑक्सिजन आत, म्हणजे दर आठवड्याला आम्ही स्वतःच्या हाताने गंजाला खुराक देत होतो. मग मूळ दुखणं शोधलं. एक्स्पान्शन टँक असतो ना, लाल डब्यासारखा, त्याच्या हवेच्या नोझलची पिन दाबली तर हवेऐवजी पाणी उडालं. आतलं रबर फाटलेलं. त्यामुळे पाणी तापून फुगलं की जागा नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेर टाकतो, थंड झालं की प्रेशर खाली, की परत भरा. अख्ख्या चक्राचं कारण एक फाटकं रबर, आणि तपासायला लागले दहा सेकंद.

गरम पाण्याची टाकी मी बचत म्हणून ४५ अंशावर ठेवलेली, ती पण ६०ला न्यायला लावली. २० ते ४५ अंशात लिजिओनेला नावाचे जंतू आरामात वाढतात म्हणे, साठवण गरमच हवी आणि नळाशी भाजू नये म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह. बिल थोडं वाढणार, ठीक आहे.

आता अर्धा स्टार का कापला. पहिल्या दिवशी सव्वादोन तास उशीर, फोन नाही मेसेज नाही. तक्रार नोंदवायचं ॲप आहे ते दर वेळी बिल्डिंगचा पत्ता नव्याने मागतं. एक्स्पान्शन टँक बदलायला जो दुसरा मुलगा आला त्याला आधीचा रिपोर्टच दिलेला नव्हता, सगळं मी परत सांगितलं, जाताना काळ्या पाण्याचे डाग फरशीवर तसेच ठेवून गेला. आणि पीडीएफ रिपोर्ट यायला अकरा दिवस.

पण आला तो रिपोर्ट बघण्यासारखा आहे. खुणा नाहीतच, आकडे आहेत. गॅसचं प्रेशर, लीक टेस्टला किती मिनिटं धरलं आणि किती पडलं, चिमणीतला ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, धुराचं तापमान, आणि प्रत्येक आकड्यापुढे लिहिलेलं की दार उघडं की बंद, फॅन चालू की बंद. कॉन्ट्रॅक्ट देण्याआधी कुठल्याही कंपनीकडे एक जुना रिपोर्ट नमुन्याला मागा, आकडे नसतील तर पुढे बोलूच नका.

हे लिहिता लिहिता जुन्या कंपनीचं रिन्युअलचं कोटेशन आलंय मेलवर, सोबत गेल्या वर्षीचा रिपोर्ट जोडलाय, आमचं काम बघा म्हणून. दोन्ही बॉयलरच्या ज्वलनासमोर बरोबरची खूण आहे. दोन नंबरचा बॉयलर तेव्हा पार्ट मिळत नाही म्हणून चार महिने बंद होता, आणि तो पार्ट त्यांच्याकडूनच यायचा होता.