म्हातारपणाची माहिती गावात पोचवायची तर व्हॉट्सॲप, सप्ताह का बचत गट?

आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायला लागतात, कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, साखर कारखान्याला निघतात आणि मागं राहतात म्हातारी माणसं अन शाळेतली लेकरं. म्हणून म्हाताऱ्यांच्या सांभाळाची माहिती गावात कशी पोचवावी असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कोणत्या महिन्यात? आमच्या इथली तरुण पोरं सध्या हेच ठरवायलेत, ग्रुप काढावा, सप्ताहात बोलावं का गटाच्या बैठकीत. मी तिन्ही बघितलंय.

व्हॉट्सॲप सगळ्यात स्वस्त, मिनिटात घरोघरी जातं. पण त्या घरातला फोन कुणाच्या खिशात असतो ते बघा ना. आंघोळ घालणारी, हागणंमुतणं काढणारी, गोळ्या देणारी सून नाहीतर लेक, आणि फोन मालकाच्या खिशात, पारावर. दुसरं म्हणजे चुकीचं पण तेवढ्याच वेगानं फिरतं. लकवा मारला की बोटांची टोकं सुईनं टोचून रक्त काढा, हा मेसेज आमच्या गल्लीत एका घरानं खरा धरला अन टोचण्यात अन वाट बघण्यात सगळी सकाळ गेली. खरं तर तोंड वाकडं झालं, एक हात उचलंना, बोलणं अडखळलं की लगेच गाडी काढायची असते, कारण रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन लागतो, तो काय गावात नाही.

सप्ताहाला गर्दी मोठी, अन म्हातारी माणसं स्वतः समोर बसलेली असतात ही फार मोठी गोष्ट आहे. कीर्तनाच्या आधी पाच मिनिटं माईक मिळतो, महाराजांनी आपल्या तोंडानं सांगितलं तर अजूनच चांगलं. पण पाच मिनिटांत जे बसतं तेच सांगा. वय ७० अन त्याच्या पुढच्यांना आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढता येतं, ५ लाखांपर्यंतचा उपचार, आधार कार्ड घेऊन या. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. एवढंच. शेतजमिनीचं मात्र तिथं काढू नका, ग्रामसभेतही नको. आईवडील अन ज्येष्ठांच्या सांभाळाच्या २००७ च्या कायद्यानं पोटगीसाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, बक्षीसपत्रात सांभाळायची अट लिहिलेली असंल अन पोरानं सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, हे प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत पाहिजे, पण ज्या पोरानं जमीन लिहून घेतली तोच शेजारी बसलेला असतो. हे आशाताईनं घरी गेल्यावर, पोरगा बाहेर असताना, हळू आवाजात सांगायचं काम आहे.

आता बचत गट. माझा कौल इथंच, आणि त्याला कारण आहे. आमच्या आत्याबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या, माझ्या फोनमध्ये बेडसोरचे, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचे, चार व्हिडिओ होते तरी कमरेखाली जखम झालीच. दोन-दोन तासाला कूस बदला हे मला पाठ होतं, पण एकटीनं जड माणूस कसं वळवायचं हे कुणी दाखवलंच नव्हतं. मग उपकेंद्रातल्या सिस्टर गटाच्या बैठकीला आल्या, एका बाईला बाजेवर निजवलं, गुडघा दुमडून, खांदा अन कंबर धरून कसं वळवायचं, पोटरीखाली उशी कशी लावायची की टाच अधांतरी राहील, सगळं आमच्या हातानं करून घेतलं. चुकलं की तिथंच हात धरून नीट करायच्या. आणि बायकाच बायका होत्या म्हणून कुणी म्हणाली सासरे रात्री उठून ओरडतात, शिव्या देतात, भूतबाधा म्हणून धागे बांधले, तर सिस्टर म्हणाल्या हा स्मृतिभ्रंश असू शकतो, नाहीतर लघवीचं इन्फेक्शनपण असू शकतं, आधी दवाखान्यात दाखवा. असं कुणी ग्रुपवर टाकलं असतं का? मी तर नसतं टाकलं.

गटाची अडचण एकच, माणसं थोडी, दहा-वीस बाया, अन ज्यांची गटात बचत नाही त्या बाहेरच राहतात. म्हणून बैठक वाड्यावस्त्यांवर फिरवावी लागते, वेळ जातो, सिस्टरांच्या सवडीनं घ्यावी लागते.

तर ठरवायचं असंल तर माझ्या हिशोबानं पावसाळ्यात, कोयते घरी असताना, गटात हातानं शिकवा, आणि जी शेजारीण मागं राहून दोन घरच्या म्हाताऱ्यांकडं बघणार आहे तिला आवर्जून बोलवा, तिला कुणीच बोलवत नाही. व्हॉट्सॲप दसऱ्यानंतर कामाला येतं, उसाच्या फडावर गेलेल्या पोरासुनांसाठी. तेव्हा लिहिलेलं नको, आपल्या बोलीत मिनिटभराचा आवाज पाठवायचा, आईच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार, पुढची तपासणी कधी. ग्रुपवर फक्त ॲडमिनच पाठवू शकेल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर आठ दिवसांत परत सुया टोचायला लागतील.

आणि १४५६७ हा नंबर पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर मोठ्या आकड्यात रंगवून घ्या, दळण होईपर्यंत बायकांना तिथं थांबावंच लागतं.