चौथे प्रकरण राहून जाते : बी. ए. अर्थशास्त्र, तीन सत्रांनंतरचा अनुभव

तिसऱ्या सत्राच्या परीक्षेत महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेच्या पेपरला पंधरा गुणांचा एक प्रश्न होता : दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष कसा मोजला ते स्पष्ट करा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतलेले आम्ही एकतीस जण त्या वर्गात बसलो होतो आणि बाहेर आल्यावर कळले की जवळजवळ सगळ्यांनी तो प्रश्न सोडून दिला आहे. मीही सोडला. अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाची तूट, हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्याकडे पाण्याची, रस्त्याची, नोकरीची कोणतीही गोष्ट निघाली की तो येतोच. पण तो मोजतात कसा, हे मला लिहिता आले नाही, कारण तो भाग अभ्यासक्रमाच्या चौथ्या प्रकरणात होता आणि चौथे प्रकरण वर्गात शिकवले गेलेच नव्हते.

मी मोंढ्यातल्या एका आडत दुकानात हिशेब लिहितो. बारावीनंतर सात वर्षे शिक्षण थांबले होते. २०२४ च्या जुलैत सकाळच्या वर्गाला प्रवेश घेतला. शुल्क माझ्या पगारातून जाते, म्हणून पैसे देऊन घेतलेली वस्तू पूर्ण मिळाली की नाही, हे पाहण्याची सवय इथेही सुटली नाही. नव्या शैक्षणिक धोरणातल्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला साठ तास. दुकानाच्या जुन्या डायरीत मी प्रत्येक तास झाला की खूण करत गेलो. पहिल्या सत्रातल्या सूक्ष्म अर्थशास्त्राचे ४१ तास झाले, दुसऱ्या सत्रातल्या संख्याशास्त्राचे ३८ आणि तिसऱ्या सत्रातल्या महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचे ४४. तीन पेपरांचे १८० तास ठरले होते, १२३ मिळाले. उरलेल्या ५७ तासांत जवळजवळ एक आख्खा पेपर बसला असता.

तास कमी पडतात तेव्हा सगळ्याच प्रकरणांतून थोडे थोडे कमी होत नाही. कात्री नेहमी शेवटच्या प्रकरणाला लागते. आणि आमच्या अभ्यासक्रमात जी प्रकरणे आमच्या जगण्याला सर्वांत जवळची आहेत, ती नेमकी शेवटी ठेवलेली आहेत. सूक्ष्म अर्थशास्त्रात चौथे प्रकरण होते खंड (जमिनीचे भाडे) आणि वेतनाचे. माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलाचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल आधी घेतली जाते आणि हंगामभर ती फेडत राहायची. वेतन सीमांत उत्पादकतेवरून, म्हणजे एक मजूर वाढवल्याने उत्पादन जितके वाढते त्यावरून, ठरते असे पुस्तक म्हणते; मग आधीच घेतलेल्या उचलीवर काम करणाऱ्या जोडप्याचे वेतन कशावरून ठरते, हा प्रश्न त्या वर्गात विचारला जायला हवा होता. विचारायला तासच मिळाला नाही. संख्याशास्त्रात निर्देशांक राहिले. महागाई वाढली असे रोज म्हणणाऱ्या माणसाला ती मोजायची रीत शिकवणारे तेवढे एकच प्रकरण होते.

इथवरचे मी परीक्षेच्या रात्री लिहिले होते आणि तेव्हा हा अभ्यासक्रम कोणी घेऊ नये असे माझे मत झाले होते. ते मत मी आता बदलतो आहे. त्याचे मुख्य कारण म्हणजे पहिल्या सत्रातला नोव्हेंबरमधला एक तास, जो रागाच्या भरात मी विसरलो होतो.

सर मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे शिकवत होते. मी मोंढ्यात काम करतो हे कळल्यावर त्यांनी मला दुकानातली एक हिशोबपट्टी आणायला सांगितली. शेतकऱ्याचे नाव कागदाने झाकून मी ती नेली : सोयाबीन, भाव क्विंटलला ४,१५० रुपये, खाली हमाली आणि तोलाईची वजावट. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. सरांनी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले, त्यातला ७४२ रुपयांचा फरक लिहिला आणि विचारले की सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले, तेल महागले, तरी सोयाबीन हमीभावापर्यंत का चढले नाही. वर्गात कोणालाही उत्तर आले नाही. रोज भाव लिहिणाऱ्या मलाही आले नाही. मग त्यांनी समजावले की एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड. म्हणजे सोयाबीनची मागणी ही दोन वस्तूंच्या मागणीतून आलेली मागणी आहे. तेलाचा दर चढला आणि त्याच वेळी पेंडीचा दर पडला, तर दाण्याचा भाव वजनाने मोठ्या असलेल्या पेंडीच्या बाजूला ओढला जातो. त्या तासानंतर दुकानात भाव पुकारला की माझे लक्ष पेंडीच्या दराकडेही जाऊ लागले. चार वर्षे मी तो भाव नुसता लिहीत होतो.

असा तास देणारा माणूस शेवटचे प्रकरण का सोडतो, हे समजून घ्यायला मी निकालानंतर विभागात लेखी अर्ज दिला. आधी अर्जाची पोच द्यायलाच नकार मिळाला, नंतर ते प्रकरण सोपे आहे, घरी वाचता येते, असे उत्तर मिळाले. दोन आठवडे फेऱ्या मारल्यावर खरी गोष्ट कळली. आमचे सर तासिका तत्त्वावर आहेत. वर्ग जुलैत सुरू होतात, त्यांची नेमणूक पहिल्या वर्षी सप्टेंबर संपताना झाली, दुसऱ्या वर्षीही तीच गत. मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचेच, आणि तेही वेळेवर नाही. त्यांच्याकडे तिन्ही वर्षांचे वर्ग आहेत. माझ्या डायरीतल्या ५७ तासांपैकी बहुतेक तास कोणी बुडवलेले नाहीत. ते शिकवायला त्या दिवसांत माणूसच नव्हता. हे कळल्यावर सरांवरचा राग गेला. नेमणुकीला उशीर करणाऱ्यांवरचा मात्र अधिकच वाढला, कारण विद्यार्थ्याकडून शुल्क पहिल्याच दिवशी घेतले जाते.

दांडेकरांचे प्रकरण शेवटी मी ग्रंथालयात बसून वाचले. समिती १९८३ मध्ये नेमली गेली आणि १९८४ मध्ये अहवाल आला. रीत अशी की सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट धरायची आणि ती भरून काढायचा खर्च रुपयांत मांडायचा. संपूर्ण राज्याचा मिळून तो ३,१८६ कोटी रुपयांहून थोडा अधिक निघाला. सिंचनाचा भाग मला सर्वांत आवडला : प्रत्येक पिकाला पाणी वेगवेगळे लागते, म्हणून सगळे सिंचन रब्बी ज्वारीच्या मापात बदलून मग तुलना केली आहे. आमच्या रोजच्या भाकरीचे पीक तिथे पाणी मोजायचे माप झाले आहे. वाचता वाचता शंकाही आली की सरासरीलाच माप धरले, तर सरासरीच्या रेषेवर असलेल्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य होतो, मग तिथली टंचाई कितीही असो. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, हेही मला तिथेच नीट कळले. सरासरीची ती शंका वर्गात मांडता आली असती तर वाद झाला असता, आणि तो व्हायला हवा होता.

बाकीचे थोडक्यात. परीक्षेपुरते गाईड पुरते, पण गाईडमधल्या आलेखांच्या अक्षांवर आकडे नसतात. आलेख कागदावर एकदा तरी स्वतः मोजून काढावा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना या विषयाचा फायदा होतो. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन एवढे मात्र जरूर विचारावे की अर्थशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात झाल्या. मी विचारले नव्हते. तरीही दुसऱ्यांदा निवड करायची वेळ आली, तर मी हाच विषय घेईन.

चौथ्या सत्रात पैसा आणि बँकिंगचा पेपर आहे. सरांना मी विनंती केली की या वेळी चौथे प्रकरण आधी घ्यावे. इतर प्रकरणे त्यावाचून अडतील का, याचा त्यांनी एक दिवस विचार केला आणि होकार दिला. पहिल्या तासाला त्यांनी विनिमय दर समजावताना निजामाच्या हाली रुपयाचे उदाहरण घेतले : सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये. माझे आजोबा हाली-कलदारचे हिशेब तोंडी करायचे, हे मी वर्गात सांगितले. डायरीत आतापर्यंत अकरा खुणा झाल्या आहेत.